ब्लूज गाण्याचा अधिकार : लाँग जॉन बॉल्ड्री

१९९६ साली लाँग जॉन बॉल्ड्री या इंग्लंडात जन्मलेल्या आणि कॅनडात स्थायिक झालेल्या गायकाची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'राइट टु सिंग द ब्लूज', म्हणजे ब्लूज गाण्याचा अधिकार. बॉल्ड्री त्या वेळी पंचावन्न वर्षांचा होता आणि पौगंडावस्थेपासून हेच गाणे गात आला होता. पुढच्याच वर्षी या ध्वनिमुद्रिकेला कॅनडातील प्रतिष्ठेचा जुनो पुरस्कार मिळाला. इतके आयुष्य एका गानप्रकारात घालवल्यानंतरही गायकाला अधिकाराचा उच्चार वेष्टनावर करावासा वाटतो, याचा अर्थ तो अधिकार कधीच निर्विवाद नव्हता.

आपल्याकडे संगीतात 'अधिकार' हा शब्द तालमीशी जोडला जातो. गुरूपुढे किती वर्षे बसला, काय ऐकले, काय घोटले, यावर तो ठरतो. ब्लूजच्या बाबतीत मात्र अधिकाराची कसोटी प्रथमपासून वेगळी होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील कापसाच्या मुलखात, गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरही जी माणसे कर्जाच्या, वेठीच्या आणि झुंडशाहीच्या दहशतीखाली जगत होती, त्या काळ्या माणसांचे हे गाणे. त्याची रचना साधी. बारा मापांचे एक आवर्तन, त्यात एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ उत्तरादाखल. सुरांची गंमत आपल्या कानाला चटकन उमगावी अशी आहे. कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधली, पियानोच्या पट्टीवर न सापडणारी जागा ब्लूजचा गायक शोधत असतो. निषादाशीही तो तसाच खेळतो. श्रुतींचा विचार केलेल्या श्रोत्याला यात नवल वाटणार नाही, पण युरोपीय स्वरलेखनात या जागेला घर नव्हते. १९२० साली मॅमी स्मिथ या गायिकेच्या 'क्रेझी ब्लूज' या तबकडीने असे गाणे काळ्या ग्राहकवर्गात किती खपते हे कंपन्यांना दाखवून दिले, आणि बाजार उभा राहिला. कसोटी मात्र तीच राहिली. ज्याने भोगले त्याने गावे.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले होते. ज्याने भोगले नाही त्याने त्या भोगाविषयी लिहावे काय, अनुभूती आणि सहानुभूती यांत अंतर किती, हा प्रश्न आपल्या साहित्यविचारात त्यानंतर दीर्घकाळ गाजत राहिला. तेव्हा इंग्लंडातील एका पोलीस शिपायाच्या मुलाने लुइझियानाच्या तुरुंगात घडलेले गाणे गावे काय, हा प्रश्न आपल्या ओळखीच्या जातीचाच आहे.

जॉन बॉल्ड्रीचा जन्म १२ जानेवारी १९४१ रोजी नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील ईस्ट हॅडन या खेड्यात झाला. वडील लंडनच्या पोलीस दलात शिपाई होते. जर्मन बॉम्बहल्ल्यांच्या काळात लंडनमधील असंख्य कुटुंबांनी खेड्यांचा आश्रय घेतला होता. पुढे त्याचे बालपण लंडनच्या वायव्य उपनगरांत गेले. मुलगा सहा फूट सात इंच वाढला. 'लाँग जॉन' हे नाव त्यातूनच चिकटले. शाळकरी वयात त्याच्या हाती गिटार आली, आणि तीही बारा तारांची. हे वाद्य त्या वेळी इंग्लंडात क्वचितच दिसे. ते वाजवणारा जो माणूस त्याच्या मनात बसला होता, तो त्याला कधी भेटणे शक्यच नव्हते. हडी लेडबेटर उर्फ लेडबेली १९४९ सालीच मरण पावला होता.

लेडबेलीची गाणी इंग्लंडात पोहोचली ती एका वेगळ्याच वाटेने. १९५४ साली ख्रिस बार्बरच्या जाझ वाद्यवृंदातील लॉनी डोनेगन याने लेडबेलीच्या संग्रहातले 'रॉक आयलंड लाइन' हे रेल्वेचे गीत ध्वनिमुद्रित केले आणि १९५६ साली त्याचा अवघ्या देशात गाजावाजा झाला. 'स्किफल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला एक स्वस्त गिटार, कपडे घासण्याची पन्हाळी फळी आणि चहाच्या खोक्याला काठी व दोरी बांधून केलेला खर्ज, एवढी सामग्री पुरे. युद्धोत्तर टंचाईतून नुकत्याच बाहेर येणाऱ्या देशात मध्यम आणि कामगार वर्गातील पोरांना संगीत प्रथमच हाताच्या अंतरावर आले. यातली बहुतेक पोरे दोन-तीन वर्षांत रॉक अँड रोलकडे गेली. काही थोडी उलट दिशेने निघाली. डोनेगनने जे गायले ते मूळ कुठून आले, हे शोधत ती अमेरिकन तबकड्यांच्या मागे लागली. बॉल्ड्री या दुसऱ्या गटातला.

मूळ गायकही अधूनमधून प्रत्यक्ष येत होते. बिग बिल ब्रून्झी १९५१ साली प्रथम इंग्लंडात आला. शिकागोमध्ये त्याने अनेक वर्षे वाद्यवृंदासह शहरी, नागर ब्लूज गायला होता, पण युरोपातील श्रोत्यांना शेतावरून थेट आलेला, एकटा गिटार घेऊन बसणारा कृष्णवर्णी गायक हवा होता. तेव्हा त्याने त्यांना तो दिला. १९५८ साली मडी वॉटर्स आला तो विजेची गिटार घेऊन. तिच्या कर्कशपणाने अनेकांचे कान विटले. तोच मडी वॉटर्स १९६३ साली पुन्हा आला तेव्हा श्रोत्यांची जुनी आवड लक्षात ठेवून त्याने साधी गिटार आणली, आणि आता मंडळी विजेच्या गिटारीसाठी आसुसलेली होती. अस्सलपणाची व्याख्या गायक नव्हे तर श्रोता करतो, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

लंडनमधील ब्लूजचा इतिहास दोन माणसांभोवती फिरतो. पॅरिसमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रियन ज्यू पित्याचा आणि ग्रीक मातेचा मुलगा अलेक्सिस कॉर्नर हा त्यातला संघटक. दुसरा सिरिल डेव्हिस, मोटारींच्या पत्र्याची ठोकाठोक करणारा कारागीर आणि माउथ ऑर्गनचा जबरदस्त वादक. पन्नाशीच्या दशकात सोहोतील वॉर्डर स्ट्रीटवरच्या एका पबच्या माडीवर त्यांनी ब्लूजची बैठक चालवली. बॉल्ड्रीचे उमेदवारीचे दिवस अशाच बैठकांतून, कॉफीघरांतून आणि रस्त्याच्या कोपऱ्यांवरून गेले. पुढे १७ मार्च १९६२ रोजी इलिंग ब्रॉडवे स्थानकाजवळच्या एका तळघरात कॉर्नर आणि डेव्हिस यांच्या 'ब्लूज इनकॉर्पोरेटेड' या संचाचा क्लब सुरू झाला. जागा इतकी कोंदट की छताला दमट घाम सुटे. या तळघरात मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स असे विशीच्या आसपासचे तरुण येत, संधी मिळाली तर गात. चार्ली वॉट्स तर संचाचा ड्रमवादकच होता. बॉल्ड्री त्यांच्याहून वयाने थोडासाच मोठा, परंतु अनुभवाने ज्येष्ठ.

त्याच वर्षी जूनमध्ये या संचाची 'आर अँड बी फ्रॉम द मार्की' ही दीर्घ तबकडी मुद्रित झाली. ब्रिटिश ब्लूजची पहिली दीर्घ तबकडी म्हणून तिचा उल्लेख होतो. नावात मार्की क्लब असला तरी मुद्रण डेक्का कंपनीच्या स्टुडिओत झाले होते. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांच्या पहिल्याच दस्तऐवजात ही लहानशी लबाडी असावी, याची मला मौज वाटते. तबकडीवर बॉल्ड्री काही गीते गातो. आवाज भारी आहे, खर्जात घोगरा होतो, आणि शब्द मात्र कुठे अमेरिकन दक्षिणेचे तर कुठे अचानक मिडलसेक्सचे वाटतात. तो नक्कल करतो आहे हे लपत नाही. परंतु नक्कल ही प्रत्येक तालमीची पहिली पायरी असते. आपल्या घराण्यांतही शिष्याच्या गळ्यात वर्षानुवर्षे गुरूच ऐकू येतो आणि त्याला आपण दोष मानत नाही.

डेव्हिस लवकरच कॉर्नरपासून वेगळा झाला. कॉर्नरला सॅक्सोफोन आणि जाझ हवे होते, डेव्हिसला शिकागोच्या ब्लूजमध्ये भेसळ नको होती. बॉल्ड्री डेव्हिसबरोबर गेला. ७ जानेवारी १९६४ रोजी डेव्हिस वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारला आणि संच बॉल्ड्रीच्या हाती आला. त्याने त्याला 'हूची कूची मेन' हे नाव दिले. विली डिक्सनने रचलेल्या आणि मडी वॉटर्सने गाजवलेल्या गीतावरून ते घेतले होते.

याच जानेवारीतली एक हकिगत सर्वश्रुत आहे. टेम्स नदीतल्या ईल पाय बेटावरचा कार्यक्रम आटोपून बॉल्ड्री ट्विकनहॅम स्थानकावर गाडीची वाट पाहत होता. फलाटावर एक पोरगा माउथ ऑर्गन वाजवत ब्लूज गुणगुणत बसला होता. बॉल्ड्रीने त्याला तिथल्या तिथे आपल्या संचात येण्याचे निमंत्रण दिले. तो पोरगा रॉड स्ट्युअर्ट. त्या वर्षी बीटल्सच्या दूरचित्रवाणीवरील खास कार्यक्रमातही बॉल्ड्री गायला. लिव्हरपूलच्या त्या चौघांच्या मनात या लांबुडक्या गायकाविषयी आदर होता.

१९६५ साली उभा राहिलेला 'स्टीमपॅकेट' हा संच तर आज दंतकथेसारखा वाटतो. बॉल्ड्री, रॉड स्ट्युअर्ट, ज्यूली ड्रिस्कॉल आणि ऑर्गनवर ब्रायन ऑगर, असे तीन गळे आणि एक वादक एकाच मंचावर. प्रत्येकाचे करार निरनिराळ्या कंपन्यांशी बांधलेले असल्याने या संचाची एकही रीतसर तबकडी निघू शकली नाही. तालमींचे काही मुद्रण पुढे बाहेर आले, पण ज्यांनी ते क्लबांत ऐकले त्यांच्या आठवणींशी ते जुळत नाही. ध्वनिमुद्रणाच्या भर सुगीत, लंडनसारख्या शहरात, एक महत्त्वाचा गायनसंच केवळ कागदपत्रांच्या गुंत्यामुळे कानाआड गेला.

यानंतर जे घडले ते बॉल्ड्रीच्या कारकिर्दीतले सर्वांत विचित्र वळण. १९६७ च्या नोव्हेंबरात त्याचे 'लेट द हार्टेक्स बिगिन' हे गीत ब्रिटनच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि दोन आठवडे तिथे राहिले. टोनी मॅकॉले आणि जॉन मॅक्लाउड यांची ही रचना म्हणजे व्हायोलिनांच्या लाटांवर तरंगणारे एक विरहगीत. त्याने पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलेले गीतही याच जोडीचे होते, एवढी त्यांची भट्टी त्या हंगामात जमली होती. यात ब्लूजचा मागमूस नव्हता. पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या ऑलिंपिकसाठी त्याने गायलेले 'मेक्सिको' हे गीतही चालले. ज्याने दहा वर्षे लेडबेली आणि मडी वॉटर्स घोटले, त्याला घरोघर ओळख मिळाली ती रेशमी सूट घालून गायलेल्या भावगीताने. जुन्या सोबत्यांनी नाके मुरडली. मला मात्र हे गीत तुच्छ वाटत नाही. भेसळ म्हणून त्याच्याकडे पाहिले नाही तर त्यात एक समर्थ, स्वच्छ गायक ऐकू येतो, आणि तो कोणाचीही नक्कल करत नसतो. गैरसोय एवढीच की ज्या गाण्यात तो नक्कल करत नव्हता ते त्याचे गाणे नव्हते.

त्याच १९६७ साली ब्रिटिश संसदेने एक कायदा संमत केला. तोवर इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध हा तुरुंगवासाचा गुन्हा होता. या कायद्याने एकवीस वर्षांवरील पुरुषांपुरते, आणि तेही खासगीत, ते गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. बॉल्ड्री समलिंगी होता. संगीतव्यवसायातील निकटच्या लोकांना हे ठाऊक होते, बाहेर ते बोलण्याची सोय नव्हती. म्हणजे विशीचा हा गायक स्टुडिओत आणि तळघरांत दुसऱ्यांच्या यातनांची गाणी गात होता, तेव्हा स्वतःच्या आयुष्यातील एका गोष्टीपायी त्याला वडिलांच्याच पोलीस दलातील शिपाई पकडून नेऊ शकले असते. मिसिसिपीच्या खोऱ्यातील माणसाचे भोग आणि हे भय यांची तुलना होत नाही, करूही नये. पण 'याने काय भोगले?' असा प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तराचा हा भाग माहीत नव्हता आणि त्याला तो सांगता येत नव्हता.

या काळात त्याच्या साथीला 'ब्लूजॉलॉजी' हा संच होता. त्यात रेज ड्वाइट नावाचा लाजाळू, चष्मा लावणारा तरुण कळफलकाची वाद्ये वाजवत असे. संच सोडताना या तरुणाने नवे नाव घेतले. सॅक्सोफोनवादक एल्टन डीनकडून 'एल्टन' आणि बॉल्ड्रीकडून 'जॉन'. १९६८ साली हा तरुण लग्नाच्या उंबरठ्यावर होता आणि आतून पार मोडून गेला होता. एका रात्री बॉल्ड्रीने त्याला समोर बसवून हे लग्न तू करू नकोस, ते तुझ्या प्रकृतीशी खोटे ठरेल, असे बजावले. तो प्रसंग एल्टन जॉनच्या १९७५ च्या 'समवन सेव्ह्ड माय लाइफ टुनाइट' या गीताचा विषय झाला. शिष्याने गुरूचे नाव धारण करणे आपल्याला नवे नाही, परंतु इथे देणे-घेणे गाण्यापुरते उरले नव्हते.

१९७१ साली या दोन्ही शिष्यांनी ऋण फेडायचे ठरवले. तोवर दोघेही आंतरराष्ट्रीय कीर्तीला पोहोचले होते, बॉल्ड्री मात्र उतरणीला लागला होता. 'इट एंट ईझी' या दीर्घ तबकडीच्या एका बाजूची निर्मिती रॉड स्ट्युअर्टने केली, दुसऱ्या बाजूची एल्टन जॉनने. तिचा प्रारंभ गाण्याने होत नाही. पियानो संथ वाजत असतो आणि बॉल्ड्री बोलू लागतो. पन्नाशीच्या दशकात सोहोच्या गल्लीत गिटार वाजवत असताना पोलिसाने आपल्याला कसे हटकले, न्यायालयात काय झाले आणि सशर्त सुटका कशी झाली, ही हकिगत तो अगदी सुसंस्कृत, नाटकी, किंचित फुगवलेल्या इंग्रजीत सांगतो. आणि मग त्याच तोंडून एकदम बूगी-वूगीचा गडगडाट सुरू होतो.

माझ्या मते बॉल्ड्रीच्या अधिकाराचा खरा पुरावा या काही मिनिटांत आहे. लेडबेलीने टेक्सास आणि लुइझियाना येथील तुरुंगांत वर्षे काढली. लोकगीतांच्या शोधात निघालेल्या जॉन आणि ॲलन लोमॅक्स या पितापुत्रांना तो १९३३ साली अँगोलाच्या तुरुंगातच सापडला. बॉल्ड्रीचा कायद्याशी आलेला संबंध त्यापुढे हास्यास्पद आहे, आणि तो ते हास्यास्पद म्हणूनच सांगतो. दुसऱ्याच्या दुःखावर हक्क सांगण्याऐवजी 'माझी हकिगत एवढीच, आणि तरी या गाण्याने मला झपाटले' असे तो कबूल करतो. उच्चारांचा सोंगढोंगही इथे गळून पडतो. बोलणे त्याचे, गाणे त्यांचे, आणि दोन्हींमधील अंतर झाकण्याची धडपड नाही. इंग्लंडात यावरून विनोद कमी झाले नव्हते. गोरी माणसे ब्लूज गाऊ शकतात काय या गंभीर वादाची टर उडवत बॉन्झो डॉग बँडने १९६८ साली निळी माणसे गोऱ्यांचे गाणे गाऊ शकतात काय, असा उलटा प्रश्नच गीताचे शीर्षक म्हणून वापरला होता. बॉल्ड्रीने निदान स्वतःची टर स्वतः उडवली.

पैशाचा प्रश्न मात्र विनोदाने सुटत नाही. ब्रिटिश तरुणांनी ब्लूज अमेरिकेला परत विकला, आणि त्या व्यापारातील नफा ज्यांचे भांडवल होते त्यांच्याकडे फारच थोडा गेला. विली डिक्सनला १९८५ साली लेड झेपेलिनविरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९८७ साली तडजोड झाली. दुसऱ्या बाजूने हेही नमूद केले पाहिजे की ब्रिटनमधल्या या वेडामुळे मूळ गायकांना उतारवयात युरोपचे मंच आणि नवा श्रोता मिळाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरीने पहिली फिटत नाही. बॉल्ड्रीच्या पदरी या व्यापारातून फारसे काही पडले नाही, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. तो त्याचा सद्‌गुण होता की दुर्दैव, हे ठरवणे अवघड.

सत्तरीच्या दशकाचा मध्य त्याला मानसिक दृष्ट्या जड गेला. १९७९ च्या ध्वनिमुद्रिकेला त्याने 'बॉल्ड्रीज आउट' असे दुहेरी अर्थाचे नाव दिले आणि लपवाछपवीचा प्रश्न मिटवला. पुढे तो कॅनडात राहिला, व्हँकूवरला स्थिरावला, तिथला नागरिक झाला. त्याच्या त्या घडीव बोलण्याच्या आवाजाला तिथे अनपेक्षित काम मिळाले. 'ॲडव्हेंचर्स ऑफ सॉनिक द हेजहॉग' या व्यंगचित्रमालिकेतील दुष्ट डॉक्टर रोबोटनिक त्याच्या आवाजात बोलतो, आणि 'विनी द पू'च्या कथांच्या त्याने केलेल्या वाचनाला ग्रॅमी पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. नव्वदीच्या दशकात वाढलेल्या कितीतरी मुलांना हा आवाज पाठ आहे आणि तो कोणाचा हे ठाऊक नाही.

२००१ साली त्याची शेवटची स्टुडिओ-ध्वनिमुद्रिका निघाली, 'रिमेंबरिंग लेडबेली'. शाळकरी वयात बारा तारांच्या गिटारीवर ज्याला शोधायला सुरुवात केली, त्याच्याकडे साठीचा बॉल्ड्री परत आला. आवाजाची धार कमी झाली आहे, दम पुरत नाही, पण अमेरिकन दक्षिणेचा उच्चार आणण्याची घाई आता कुठेच नाही. २१ जुलै २००५ रोजी व्हँकूवरमध्ये छातीच्या संसर्गाने तो वारला. वय चौसष्ट.